मिठापुरता माणसाळलेला

पालखीत पादुका ठेवल्या, की त्यांच्यावर चवरी ढाळायला एक जण उभा राहतो. चांदीची मूठ, तिच्यातून निघालेला पांढराशुभ्र केसांचा झुबका, आणि ढाळणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतर कुठल्याही कामात न दिसणारी एकाग्रता. भोवती टाळ-मृदंग, फुलं, बुक्का, गर्दी. त्या गर्दीत एकालाही प्रश्न पडत नाही, की बाबा, हे केस कुणाचे?

ते याकचे. म्हणजे असायचे. आता तुळशीबागेत मिळणारी चवरी बहुधा नायलॉनची असते आणि देव तेही चालवून घेतो. पण दीड-दोन हजार वर्षं या देशात देव असो की राजा, त्याच्या अंगावरची माशी वारायला हिमालयातून शेपट्या येत होत्या. पाटण्याजवळ दीदारगंजला १९१७ साली जी सुप्रसिद्ध यक्षी सापडली, तिच्या हातातही चवरीच आहे. नाक तुटलं, डावा हात गेला, चवरी मात्र शाबूत राहिली. नांदेडला हुजूर साहिबला गेलात तर गुरू ग्रंथसाहिबांवर चौर ढाळला जातो, तो याच परंपरेतला.

आणि आपण त्या प्राण्याला ओळखतो किती? शेपटीपुरतं.

याला कालिदास थोडा जबाबदार आहे. 'कुमारसंभवा'च्या पहिल्याच सर्गात त्याने हिमालयाला पर्वतांचा राजा ठरवलं आणि मग राजाला चवऱ्या हव्यात म्हणून चमरींना कामाला लावलं. त्या शेपट्या हलवत हिंडतात, तोच या राजाचा राजोपचार. पुढे पार्वतीच्या केसांचं वर्णन करताना तो म्हणतो, की पशूंना लाज असती तर ते केस बघून चमरींचा स्वतःच्या शेपटीवरचा जीव कमी झाला असता. कवी मोठाच, पण इथेही सगळं लक्ष शेपटीवर. शेपटीच्या पुढच्या टोकाला एक अख्खं जनावर आहे, त्याला भूक लागते, ते बर्फ उकरून गवत खातं, याची दखल संस्कृत काव्याने फारशी घेतलेली नाही.

बौद्ध ग्रंथकारांनी तर कमालच केली. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्गा'त भिक्षूला उपदेश केला, की चमरी जशी शेपटी जपते तसं तू शील जप. यामागे अशी समजूत, की चमरीच्या शेपटीचा केस झुडपात अडकला तर ती जीव देईल पण केस तुटू देणार नाही. उपदेश म्हणून उत्तम. मात्र बुद्धघोष हे लिहीत होता अनुराधपुरात, म्हणजे श्रीलंकेत, जिथून सगळ्यात जवळचा याक दोन हजार किलोमीटरहून लांब होता. ज्याने याकला जवळून बघितलंय त्याला विचारा. झुडपात शेपटी अडकली तर याक जीव वगैरे देत नाही. तो झुडूप घेऊन पुढे जातो.

शेपटीचा हा व्यापार आपल्यापुरता राहिला असता तरी ठीक होतं. गेल्या शतकात तिबेटातून खेचरांच्या तांड्यांवर लोकर यायची ती कालिम्पोंगला, आणि तिच्यासोबत याकच्या शेपट्याही. त्यातल्या पांढऱ्या शेपट्या पुढे कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला जात. कशासाठी? नाताळबाबाच्या दाढीसाठी. तिकडे जपानात काबुकी नाटकातला सिंह रंगमंचावर जी लांबलचक आयाळ गरगर फिरवतो, तीही याकच्याच केसांची. विठोबा असो, ग्रंथसाहिब असोत, सांताक्लॉज असो की जपानी सिंह, याकने कुणालाच नाही म्हटलं नाही. त्याला कुणी विचारलंही नव्हतं म्हणा.

आता मालकाकडे वळू.

याकचे दोन प्रकार. एक रानटी, एक पाळीव. दाजीपूरला संध्याकाळच्या धूसर उजेडात ज्यांनी गवा बघितलाय, त्यांना रानटी याकची थोडी कल्पना येईल. दोघं एकाच कुळातले, आणि उंची-वजनालाही एकमेकांना साजेसे. रानटी नर खांद्यापाशी दोन मीटरपर्यंत उंच आणि हजार किलोपर्यंत वजनाचा होतो. मादी त्याच्या मानाने फारच लहान, जेमतेम एक तृतीयांश वजनाची. तिबेटी लोक याला 'द्रोंग' म्हणतात आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. तिबेटातल्या चांगथांगच्या उजाड पठारावर अजून याचे कळप आहेत. भारतात लडाखच्या चांगचेन्मो खोऱ्याच्या बाजूला थोडेसे उरलेत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण वाघाच्या नावाने जेवढे टी-शर्ट निघतात त्याच्या शतांशही याच्या नावाने निघत नाहीत.

पाळीव याक हा त्याचाच आटोपशीर अवतार. वजन निम्म्याच्या आसपास, रंग काळा, तपकिरी, करडा, कधी पांढरा, कधी ठिपक्यांचा. एकूण थाट मात्र तोच. पोटाखालून जमिनीपर्यंत लोंबणारे केस, खांद्यावर वशिंड, आणि आपण त्याच्या वाटेत उभे आहोत याबद्दल डोळ्यांत सौम्य नापसंती. तो हंबरत नाही, गुरगुरतो. गाईला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात, याला चौदा, कधी पंधरासुद्धा. ही जागा हवीच, कारण आत मोठं हृदय आणि मोठी फुप्फुसं बसवायची असतात. चार-पाच हजार मीटर उंचीवर, जिथे आपण बुटाची नाडी बांधली तरी दोन मिनिटं बसून राहतो, तिथे हा पाठीवर साठेक किलो ओझं घेऊन रवंथ करत चढतो. उणे चाळीस तापमानात त्याचं काही बिघडत नाही. पण पंधरा अंशांच्या वर पारा गेला की तो कासावीस होतो. घाम यायची सोय त्याच्याकडे जवळपास नाहीच. पुण्यातली जी थंडी वर्तमानपत्रात 'हुडहुडी' म्हणून पहिल्या पानावर येते, त्या दिवसाची दुपार त्याला उन्हाळा वाटेल.

मला याकबद्दल जे कौतुक आहे ते इथे सुरू होतं. माणसाने जी जनावरं पाळली त्यातली बहुतेक माणसाच्या मागोमाग आली. गाय आली, घोडा आला, कुत्रा तर बोलवायच्या आधीच आला. याकने ही अट मान्य केली नाही. पाळायचं असेल तर तुम्ही वर या, मी खाली येणार नाही. आणि गंमत म्हणजे माणूस खरोखरच वर गेला. तिबेटच्या पठारावर माणसाने बारमाही बस्तान बसवलं त्यात याकचा वाटा एवढा मोठा आहे, की कुणी कुणाला पाळलं हे ठामपणे सांगायला मी तयार नाही.

दिवसभर याक आपापले चरतात, माणसाकडे ढुंकून बघत नाहीत. मग गुराखी हाक मारतो आणि हाकेला बळ म्हणून मूठभर मीठ पुढे करतो. मीठ म्हटल्यावर मात्र याक येतो. त्या उंचीवरच्या गवतात क्षार कमी पडतात आणि त्याला मिठाची अनावर ओढ असते. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं ही निष्ठेची परिसीमा मानली जाते. याक मिठाला जागतो ते शब्दशः, आणि फक्त तेवढंच. मीठ संपलं की तो परत डोंगरावर. शेपटी हलवणं, पाय चाटणं, मालकाच्या विरहात अन्न सोडणं असल्या भानगडीत तो पडत नाही. नोकरीत इतका स्वच्छ व्यवहार मी माणसांतही क्वचितच पाहिला आहे.

दुधाचंही तेच. वासरू पुढे आणल्याशिवाय मादी पान्हा सोडत नाही. सोडला तरी दिवसाला एक-दोन लिटर. पण दूध असं, की आपल्या डेअरीत नेलं तर फॅट लावणारा चमकून दुसऱ्यांदा यंत्र तपासेल. सहा-सात टक्के, म्हणजे सरळ म्हशीच्या तोडीचं. एरवी आपण सर्रास 'याकचं दूध' म्हणतो ते ऐकून तिबेटी माणूस गालात हसतो, कारण त्याच्या भाषेत याक म्हणजे फक्त नर.

या दुधाचं लोणी निघतं आणि लोण्याचं काय काय होतं ते सांगायला लागलो तर लेख संपणार नाही. देवापुढचे दिवे लोण्याचे. मठांमध्ये सणाला रंगीत लोण्याची फुलं आणि मूर्ती घडवतात, आणि घडवणारे भिक्षू लोणी वितळू नये म्हणून बोटं गार पाण्यात बुडवत काम करतात. आणि चहा. लडाखात त्याला गुरगुर चहा म्हणतात, लाकडी नळकांड्यात घुसळताना तसा आवाज होतो म्हणून. चहापत्तीचा काढा, लोणी आणि मीठ. हो, इथेही मीठ. मराठी माणूस पहिला घोट घेतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते यजमान इतक्या वेळा बघून चुकलेले असतात, की ते सभ्यपणे दुसरीकडे बघतात. यावर माझा उपाय आहे. त्याला चहा म्हणू नका. कोकमाच्या साराच्या जागी आज हे आलंय असं मनाला सांगा. दुसरी वाटी तुम्ही मागून घ्याल. मी घेतली.

त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला बसली की बसलीच. म्हणून तिथला माणूस आधीच भाजून दळलेलं सातूचं पीठ, त्सांपा, या चहात कालवतो आणि गोळा करून खातो. चूल पेटवायची ती चहापुरतीच, जळणाचीही बचत. आणि जळण म्हणजे? झाडं केव्हाच खाली राहिलेली असतात. जळण म्हणजे याकच्या गोवऱ्या. आपल्याकडे गोवऱ्या थापणं हे आता गावातही जुन्या दिवसांचं लक्षण झालंय. चांगथांगमध्ये मात्र घराची ऐपत भिंतीला लागून रचलेल्या गोवऱ्यांवरून कळते. लोणी याकचं, विस्तव याकचा, चहाची वीटही याकच्या पाठीवरून आलेली. मीठसुद्धा जुन्या काळी चांगथांगच्या सरोवरांवरून जनावरांच्याच पाठीवर यायचं. माणसाचं त्या पेल्यात योगदान म्हणजे घुसळण्याचं.

लडाखचे चांगपा ज्या तंबूंत राहतात ते 'रेबो' याकच्या केसांचे. विणीतून उजेड आत येतो, धूर बाहेर जातो. पाऊस-बर्फ पडला की केस फुगतात आणि भोकं बुजतात. आता बरेच जण कॅनव्हासचा तंबू लावतात. तो हलका असतो, चटकन उभा राहतो, आणि रात्री गारठवतो.

याक आणि गाय यांच्या संकरातून होतो तो झो. मादी झोमो. हा स्वभावाने मवाळ, नांगराला चालतो, थोडं खाली उतरवलं तरी कुरकुर करत नाही. झोमो दूधही जास्त देते. सगळे गुण एकत्र आले, म्हणून निसर्गाने हिशेब चुकता केला: नर झो निर्बीज असतो. दर पिढीला पुन्हा याककडे जावं लागतं. याकचं महत्त्व कमी होऊ नये याची तजवीज कुणीतरी वरच्या पातळीवर केलेली दिसते.

आणि छुर्पी. अरुणाचलच्या तवांग, पश्चिम कामेंग भागातले ब्रोक्पा पशुपालक हे दुधाचं टणक चीज बनवतात. २०२३ साली अरुणाचलच्या याक छुर्पीला भौगोलिक मानांकन मिळालं. सिक्कीम-नेपाळकडे तिचे तुकडे दोऱ्यात ओवून दुकानात टांगलेले असतात. एक तुकडा गालात ठेवला की तास-दोन तास काम होतं. चावायचा नाही, वाट बघायची. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये, दंतवैद्याचा खर्च होईल. नेपाळची छुर्पी आता मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जाते आणि तिथे ती कुत्री चघळतात. एकेकाळी नाताळबाबाची दाढी, आता कुत्र्याचा खाऊ. याकला अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात कायमचं स्थान आहे असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या मध्यमवर्गाचा याकशी संबंध येतो तो छांगू सरोवरावर. सिक्कीममध्ये बारा हजार फुटांवर रंगीत लोकरीची शिंगटोपी आणि नक्षीदार खोगीर घातलेले याक ओळीने उभे असतात, आणि मे महिन्यात समोर ओळीने मराठी माणसं. 'भैय्या, ये काटता तो नहीं ना?' हा प्रश्न तिथे रोज अनेकदा विचारला जात असणार. 'सींग से बचना,' एवढंच उत्तर मी ऐकलं. मग काकूंना तिघं मिळून वर चढवतात, काका खालून 'अगं, हस की' म्हणतात, याक हसण्याच्या संदर्भात काहीही वचन देत नाही, आणि फोटो निघतो. शेजारी सूर्याकडे तोंड करून कुणीतरी मॅगी खात असतं. मला या प्रकाराची चीड येत नाही. याकवाल्याचं घर त्यावर चालतं, आणि याकला साठ किलोंच्या गोण्यांपुढे आपल्या काकू काही विशेष नव्हेत. फक्त एवढंच, की हजारो घरांतल्या भिंतीवर आणि फोनमध्ये याकचे फोटो आहेत आणि त्यातला एकही फोटो याकचा नाही.

दरम्यान याक कमी होत चाललेत. जगात ते दीड कोटीच्या घरात आहेत, पण त्यातले बहुतेक सगळे चीनच्या हद्दीत. भारतात २०१२च्या पशुगणनेत ७७ हजार होते. २०१९ला ५८ हजार. सात वर्षांत जवळपास चौथा हिस्सा गेला. कारणं ऐकलीत तर नवल वाटणार नाही. गुराख्यांची मुलं शाळेत गेली, आणि शाळेत गेलेलं मूल सहा महिने काळ्या तंबूत राहायला परत का जाईल? मी गेलो नसतो. त्यात १९६२च्या युद्धानंतर सीमा बंद झाली. तोवर तिबेटातले वळू इकडे यायचे, रक्त बदलायचं. ते थांबलं आणि कळपातल्या कळपातच पैदास होत राहिली, वासरं लहान आणि अशक्त होऊ लागली. नकाशावरची रेषा याकला दिसत नाही, पण भोगावी त्यालाच लागते. उत्तर सिक्कीममध्ये मुकुथांग आणि युमथांगला २०१८-१९च्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला आणि इतका टिकला, की मे महिन्यात सुमारे तीनशे याक उपासमारीने मेल्याचं उघड झालं. उणे चाळीसला न डगमगणारं जनावर थंडीने मेलं नाही. गवत बर्फाखाली गेलं म्हणून मेलं.

सरकार स्वस्थ बसलेलं नाही. अरुणाचलात दिरांगला १९८९पासून राष्ट्रीय याक संशोधन केंद्र आहे. त्याचं कार्यालय दिरांगला आणि याक त्याहून बरेच वर, न्युकमाडुंगला, कारण दिरांगमध्ये याकला उकडतं. साहेब खाली, कामगार वर, अशी व्यवस्था आहे आणि या एका बाबतीत ती बरोबर आहे. २०२२ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हिमालयीन याकला 'खाद्य प्राणी' म्हणून मान्यता दिली. याक वाचावा म्हणून त्याला खाण्याच्या यादीत घातलं, हे पहिल्यांदा वाचल्यावर मी चष्मा पुसला. पण युक्तिवादात दम आहे. दूध-मांसाला बाजार मिळाला तर पाळणाऱ्याला चार पैसे मिळतील, आणि चार पैसे मिळाले तर तो पाळील. नुसत्या कौतुकावर कुठलंच जनावर टिकत नाही.

आता कामाचं. पुण्या-मुंबईहून दरवर्षी पुष्कळ मंडळी एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेला जातात. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'च्या गिर्यारोहकांनी २०१२ साली एव्हरेस्ट गाठल्यापासून तर आपल्याकडे घरटी एक तरी जण 'एकदा बेस कॅम्प करायचाय' म्हणत असतो. अवश्य करा. लुक्ल्याहून निघालात की खाली खेचरं आणि झो भेटतील, नामचेच्या वर केसाळ मंडळी सुरू होतील. दोन्ही बाजूंना गॅसच्या टाक्या आणि गिर्यारोहकांच्या पिशव्या लटकावलेला याक अरुंद वाटेवर समोरून येईल, त्याच्या गळ्यातली घंटा आधी ऐकू येईल. त्याला स्वतःची रुंदी ठाऊक असते, पाठीवरच्या सामानाची नसते, आणि तो थांबणार नाही. फोटोला चांगली जागा म्हणून दरीच्या कडेला जाऊ नका. डोंगराच्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभे राहा, आणि शेवटचा याक जाईपर्यंत हलू नका.